रॅम्प बांधला म्हणजे कार्यालय सगळ्यांचं झालं का?

चौकट
'आमचं ऑफिस सर्वसमावेशक' या हिशेबनीस यांच्या पोस्टला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं असं: ३० माणसांच्या कंपनीत रॅम्प झाला, एका टॉयलेटवर चाकखुर्चीचं चित्र लागलं, ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम झाला, याहून जास्त मागणं म्हणजे लहान धंद्याच्या मानेवर बसणं.

त्यांनी पोस्टमध्ये टाकलेल्या फोटोतला रॅम्पच बघा. तीन पायऱ्या, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे दीड फूट चढ. १:१२ च्या, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबीच्या हिशेबाने उतार १८ फूट लांब हवा, वर आणि खाली ५-५ फूट सपाट जागा वेगळी. फोटोत तो जेमतेम ९ फूट दिसतो. १:६ च्या चढावर सहसा माणूस एकट्याने खुर्ची ढकलू शकत नाही आणि उतरताना हात सुटला तर थेट रस्त्यावर जातो. वर पॉलिश केलेला ग्रॅनाइट! पहिल्या पावसात धडधाकट माणूसही घसरेल. पायथ्याशी गटाराची जाळी आहे, तिच्या पट्ट्या जायच्या दिशेनेच. खुर्चीचं पुढचं लहान चाक त्या फटीत बसतं, खुर्ची जागेवर थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. हा रॅम्प नसता तर निदान कोणी त्यावर विसंबलं नसतं.

हिशेबनीस
फोटोवरून निकाल देणं सोपं आहे. गाळा भाड्याचा, समोर १२ फूट जागा, त्यातही सोसायटीची वहिवाट. १८ फुटांचा उतार कुठे काढू, शेजाऱ्याच्या दुकानात? मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. आणि आज आमच्याकडे चाकखुर्चीवरचा एकही कर्मचारी नाही. येईल तेव्हा करू.

खिळेमोळे
मामा, १८ फूट सरळच हवा असं नाही. भिंतीलगत ९ फूट, वळणावर ८ बाय ५ चा सपाट ओटा, मग उलट ९ फूट. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला ४ इंच उंच पट्टी, म्हणजे चाक बाहेर घसरत नाही. वरून चेकर्ड टाइल किंवा फ्लेम फिनिशचा खरबरीत दगड. लोखंडी सांगाड्यावर केलात तर गाळा सोडताना उचलून नेता येतो. तरीही जागा पुरली नाही तर दीड फूट उचलणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट. ती महाग पडते, हे मान्य.

टॉयलेटमध्ये मात्र जागेची सबब चालणार नाही. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर दार लागत नाही, आणि माणूस आत पडला तर बाहेरून ढकलताही येत नाही. बिजागऱ्या उलट्या बाजूला घेऊन दार बाहेर उघडतं करणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा दांडा, जिप्समच्या भिंतीत प्लास्टिकच्या गट्ट्यांवर ठोकतात, पहिल्याच ओढीला तो हातात येतो. मागे प्लायवूडची पाटी किंवा पक्क्या भिंतीत केमिकल अँकर हवा. आणि आतल्या बादल्या, पोछे आधी बाहेर काढा.

चौकट
"येईल तेव्हा करू" यावर माझा राग आहे. मुलाखतीला येणारा माणूस पायऱ्यांवरूनच परत जातो, मग तुमच्याकडे कर्मचारी दिसणार कसा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २१ आणि त्याखालच्या नियमांतला नियम ८ वाचा: २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, त्यात सुविधा, निवडीची पद्धत, संपर्क अधिकारी सगळं येतं. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख.

कळफलक
तुम्ही सगळे उंबरठ्यावरच अडकलात. अंध माणूस आत आला, खुर्चीत बसला. आता त्याला रजेचं परिपत्रक वाचायचंय. ते कृतिदेवमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांवर देवनागरीची चित्रं चढवणाऱ्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्याच्यासोबतच्या ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रणालीत मराठी आवाजही आहे, पण तो वाचणार काय? कृतिदेवात पडद्यावर 'मराठी' दिसतं, फाइलमध्ये साठलेलं असतं ई-जे-के-बी-एच. स्क्रीन रीडर तेच बोलतो. पानभर! युनिकोडमध्ये मात्र खरी देवनागरी अक्षरंच साठतात.

टंकसेवक
सुरू झालं युनिकोड पुराण. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्टची वेगळी मांडणी शिकवली की त्याचा वेग निम्म्यावर येतो. त्याची सोय कोण बघणार? तोही कर्मचारीच ना? शिवाय छपाईवाल्याकडे पेजमेकर हे जुनं पानं लावायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड देवनागरी चालतच नाही.

कळफलक
कळफलकाची मांडणी वेगळी, साठवण वेगळी. बोटं रेमिंग्टनचीच ठेवून युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात, शिकायला काही नाही. छपाईवाल्यासाठी शेवटी एक प्रत बदलून द्या, मूळ फाइल युनिकोडच ठेवा. कंपनीची परिपत्रकं मुळात छापली तरी जातात का?

टंकसेवक
आणि जुन्या फाइलींचं? जुन्या फॉन्टातून युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापरून बघा, मग बोला. मजकुरात रोमन अक्षरांत 'पीएफ' असेल तर त्याचं 'च्थ्' होतं, कारण कन्व्हर्टरला फॉन्ट दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आडनावं बदलतात. पगारपत्रकात नाव चुकलं की शिव्या आम्ही खायच्या.

कळफलक
हे खरं आहे, नाकारत नाही. म्हणून सगळं जुनं बदलू नका. नियम, रजा, आरोग्य विमा, तक्रार समिती, एवढीच चालू कागदपत्रं घ्या. रोमन शब्दांना आधी खुणा करा, मग रूपांतर, मग कागदाशी ताडून वाचन. स्कॅनची खोड तर त्याहून वाईट: युनिकोडमध्ये टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा आणि स्कॅन करून पाठवायचं. तो नुसता फोटो, त्यात एकही अक्षर नाही. सहीच्या स्कॅनसोबत मूळ वर्ड फाइल जोडा.

खिळेमोळे
रॅम्पचा धागा फॉन्टात गेला. जाता जाता एकच: आगीचा भोंगा टॉयलेटमधल्या कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही. आत लुकलुकणारा दिवा हवाच, आणि तो भोंग्याच्याच सर्किटवर.

हिशेबनीस
तुमचा सूर पटलेला नाही, आणि उतार मालकाच्या परवानगीशिवाय होणार नाही हे मी पुन्हा सांगतो. पण दार या आठवड्यात फिरवतो, जाळीही बदलतो. आमची परिपत्रकं कुठल्या फॉन्टात आहेत ते ओळखायचं कसं?

कळफलक
एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड. रोमन अक्षरांचा काला दिसला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर स्कॅन.

टंकसेवक
आणि रूपांतरानंतर ताडून वाचायला दोन माणसं द्या, एक मोठ्याने वाचणारा, एक कागद बघणारा. ते काम टायपिस्टच्या माथी मारू नका.