'गॅट्सबी'तला हिरवा दिवा पुरे झाला, आता बटलरच्या अंगठ्याबद्दल बोलूया

पेन्सिलवाला (धागाकर्ता)

'द ग्रेट गॅट्सबी'ची चर्चा कुठेही निघाली की दहा मिनिटांत गाडी हिरव्या दिव्यावर येऊन थांबते. गॅट्सबीची जुनी प्रेयसी डेझी, तिच्या घराच्या बोटींच्या धक्क्यावरचा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न, जाहिरातीच्या फलकावरचे डॉक्टर एकलबर्गचे डोळे म्हणजे देव, राखेचं खोरं म्हणजे नैतिक ऱ्हास. पाच मार्कांचं उत्तर तयार. माझं मत विचाराल तर १९२५ साली आलेल्या या कादंबरीत फिट्झजेराल्डने सामाजिक वर्गाबद्दल जे खरं सांगितलंय, ते या ठळक प्रतीकांत नाहीच. उलट त्यांच्या झगमगाटात ते झाकलं जातं.

तिसरं प्रकरण काढा. दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडून, जंगी पार्ट्या देणाऱ्या नवश्रीमंत गॅट्सबीच्या घरी संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात. सोमवारी रस काढलेल्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. आत एक यंत्र आहे, अर्ध्या तासात २०० संत्र्यांचा रस काढणारं. अट एवढीच, बटलरने अंगठ्याने बटण २०० वेळा दाबायचं. मग सोमवारी आठ नोकर दिवसभर मोडतोड आणि खरकटं निस्तरत राबतात. हे वाचून आपण पुढच्या परिच्छेदातल्या वाद्यवृंदाकडे निघून जातो.

गोष्ट सांगणारा, गॅट्सबीचा शेजारी निक कॅरवे स्वतःला साधा समजतो, महिना ८० डॉलर भाड्याच्या घरात राहतो. पण तिथेही अंथरूण घालायला आणि नाश्ता करायला एक फिनिश बाई येते. अख्ख्या पुस्तकात तिला नाव नाही. डेझी दुपारची गॅट्सबीकडे येऊ लागल्यावर बाहेर बभ्रा नको म्हणून गॅट्सबी घरातले नोकर काढून टाकतो आणि काळ्या धंद्यातला साथीदार वुल्फशाइम, त्याची माणसं आणतो. ही बातमी निकला कोण देतं? तीच बिननावाची बाई. काढलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे निक विचारत नाही. गॅट्सबी स्वतः नॉर्थ डाकोटाच्या कफल्लक शेतकऱ्याचा मुलगा, तरीही त्याला काही वाटत नाही. वर्ग बघायचा तर इथे बघा.

रानजाई

असहमत. हिरव्या दिव्याच्या जागी तुम्ही अंगठा आणून ठेवलात, म्हणजे प्रतीक बदललं, इतकंच.

प्रतीकं वर्गाला झाकतात हेच मला पटत नाही. या पुस्तकातले कपडे घ्या. डेझीच्या गावी, लुइव्हिलमध्ये, तरुण गॅट्सबी तिच्या घरात पाऊल टाकू शकतो, ते अंगावर लष्करी गणवेश आहे म्हणून. गणवेशात सगळे लेफ्टनंट सारखे, कोणाच्या खिशात काय ते कळत नाही. आता गॅरेजवाल्या जॉर्ज विल्सनची बायको मर्टल बघा. लग्नात नवऱ्याने घातलेला सूट उसना होता, हे तिला कधी कळतं? सूटाचा मालक तो परत न्यायला दारात उभा राहतो तेव्हा. ती दुपारभर रडते. तिकडे डेझी रडते ती गॅट्सबीने इंग्लंडहून मागवलेल्या शर्टांच्या ढिगात तोंड खुपसून. दोन बायका, दोन्हींना कपड्यांवरून रडू. एकीला फसवणूक उमगते. दुसरीला काय उमगतं ते लेखक सांगत नाही, आणि मला ते आवडतं.

शेवटी डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन गॅट्सबीला एका वाक्यात निकालात काढतो: हा कसला ऑक्सफर्डचा, हा गुलाबी सूट घालतो! पैशाची चौकशी त्याला करावी लागत नाही, एक रंग पुरतो. हे प्रतीक नाही तर काय आहे?

खारे_दाणे

२०१३च्या सिनेमात अमिताभ वुल्फशाइम झाला होता, मी तेवढ्यासाठी बघितला. बाकी ही एका वेड्या प्रेमिकाची गोष्ट आहे हो. प्रत्येक गोष्टीत वर्ग काय शोधायचा?

पेन्सिलवाला

@खारे_दाणे, वेडा प्रेमिक स्वतःच म्हणतो की तिच्या आवाजात पैसा भरलाय. मी काय करू?

रानजाईताई, कपड्यांचा मुद्दा झकास आहे. पण तो माझ्याच बाजूचा! उसना सूट परत मागायला माणूस येतो, हा व्यवहार आहे. हिरव्या दिव्याकडे हात पसरून उभं राहणं ही कविता आहे. मला व्यवहार हवाय.

सात_नंबरची_गाडी

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून लिहितोय. पेन्सिलवाले, राखेच्या खोऱ्याला तुम्ही गाइडातलं प्रतीक म्हणालात, तिथे मी अडलो. अहो, ती खरी राख होती! ब्रुकलिनच्या घराघरांत जळलेल्या कोळशाची राख इथल्या कोरोना नावाच्या भागात आणून टाकत. त्याचे डोंगर झाले होते. फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ लाँग आयलंडवर ग्रेट नेकला राहायचा. कादंबरीतलं गॅट्सबीचं गाव वेस्ट एग ते हेच, आणि खाडीपलीकडचा सँड्स पॉइंट म्हणजे टॉम-डेझीचं ईस्ट एग. मॅनहॅटनला जाताना ही राख वाटेतच लागायची. त्याने फक्त मान वळवून पाहिलं.

पुढे ती जागा सपाट करून तिथे १९३९चा जागतिक मेळा भरवला. आज तिथे फ्लशिंग मेडोज पार्क आहे, यूएस ओपनचं टेनिस तिथेच होतं. श्रीमंतांच्या घरातली ऊब संपल्यावर उरलेली राख गरिबाच्या दारात, विल्सनच्या गॅरेजसमोर. तुमचा व्यवहार आणि रानजाईंचं प्रतीक इथे एकाच ढिगाऱ्यात आहेत.

कडू_कारलं

सगळे मिळून लेखकाला फारच माफ करताय. फिट्झजेराल्ड सेंट पॉलचा, प्रिन्स्टनला गेलेला, श्रीमंतांच्या घराबाहेर उभं राहून आत डोकावणारा माणूस. आतल्या दिव्यांवर तो लुब्ध आहे आणि ते लपतही नाही. शर्टांचे रंग तो किती प्रेमाने मोजतो! जॉर्ज विल्सनला काय मिळतं? फिकट, निस्तेज, राखेने माखलेला, आणि शेवटी पिस्तूल. श्रीमंतांना स्वभाव, कामगाराला रंगछटा.

आणि टॉम. पहिल्याच जेवणात तो गोडार्ड नावाच्या कोणाचं पुस्तक वाचून गोरा वंश बुडणार म्हणून बडबडतो. हे लॉथ्रॉप स्टॉडर्ड या वंशवादी लेखकाच्या १९२०च्या पुस्तकाचं विडंबन आहे, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण क्वीन्सबरो पुलावर गोरा शोफर ठेवलेले तीन कृष्णवर्णीय प्रवासी दिसतात, तेव्हा मोठ्याने हसतो तो निक. ज्यू वुल्फशाइमचं नाक सतत दाखवतो तोही निक. ते विडंबन नाही.

कथा १९२२च्या उन्हाळ्यातली. फेब्रुवारी १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंडना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, म्हणजे गॅट्सबीसारखाच गणवेशातला. रानजाईंचा गणवेश सगळ्यांना सारखा करत नव्हता. जेम्स गॅट्झ नाव बदलून 'जे गॅट्सबी' होऊ शकतो, कारण कातडी बदलावी लागत नाही.

रानजाई

हा मुद्दा मान्य, निकबद्दलचा. पण म्हणून विल्सन नुसता रंगछटा? बायको मेल्यावर तो फलकावरच्या डोळ्यांकडे बघून म्हणतो, देव सगळं पाहतो. शेजारचा मायकेलिस त्याला सांगतो, अरे ती जाहिरात आहे! म्हणजे 'डोळे म्हणजे देव' हे गाइडचं उत्तर लेखकाने आधीच दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या माणसाच्या तोंडी देऊन खोडलंय. ज्याला दाद मागायला कोणी नाही त्याने जाहिरातीकडे दाद मागितली. एवढं आत शिरणं निकच्या वाट्यालाही क्वचित येतं.

मोजूनमापून

थोडं अवांतर. २०१२ साली अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी एका आलेखाला 'ग्रेट गॅट्सबी वक्र' हे नाव प्रसिद्ध केलं. ज्या देशात विषमता जास्त, तिथे मुलांची मिळकत आईबापांच्या मिळकतीला जास्त चिकटलेली, असा त्याचा आशय. मला नाव गंमतशीर वाटतं. गॅट्सबी तर चढला की! बाप शेतकरी आणि मुलाचा महाल. तो त्या आलेखाचा अपवाद झाला.

पेन्सिलवाला

चढला कुठे? सहावं प्रकरण काढा. टॉम, त्याच्या ओळखीचा स्लोन आणि एक बाई घोड्यांवरून गॅट्सबीकडे येतात. बाई म्हणते, आमच्याकडे जेवायला चला. तोंडदेखलं बोलणं, पण गॅट्सबीला ते कळत नाही, तो तयारी करायला आत जातो. टॉम निकला विचारतो, तिला हा नकोय हे याला समजत नाही का? गॅट्सबी टोपी आणि कोट घेऊन बाहेर येतो तोवर तिघे घोडे पिटाळत गेलेले. महाल आहे, बँकेत पैसा आहे, क्रूगरच्या हिशेबात हा माणूस शिखरावर आहे.

मोजूनमापून

मग वर्ग म्हणजे आमंत्रण खरं की खोटं ओळखता येणं, असं म्हणा. पैशाचं नाव कशाला काढता?

पेन्सिलवाला

कारण खोटं आमंत्रण देऊन घोडा वळवायलाही पैसा लागतो, फक्त तो जुना असावा लागतो. पुढच्याच शनिवारी टॉम डेझीला घेऊन त्याच घरी पार्टीला येतो, सगळं बघतो आणि निघताना निकला विचारतो, हा गॅट्सबी आहे तरी कोण, चोरट्या दारूचा मोठा व्यापारी?