‘पिशवी घेऊ का?’ हे इंग्रजीत कसे विचारावे?

प्रश्न (परळ)

मी परळ येथील एका रुग्णालयाच्या चौकशी कक्षात काम करते. ज्या नातेवाइकांना मराठी किंवा हिंदी समजत नाही, त्यांच्याशी इंग्रजीतूनच बोलावे लागते. आमच्या खिडकीवर ‘मे आय हेल्प यू’ अशी पाटी असल्यामुळे मीही तेच वाक्य वापरत आले आहे. गेल्या आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ एक्स-रेची पाकिटे, फाइल आणि जड पिशवी सांभाळत जिन्यापाशी थांबले होते. त्यांना मी ‘शुड आय कॅरी युवर बॅग?’ असे विचारले, तेव्हा ते गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या मनात ‘पिशवी घेऊ का?’ एवढेच होते. ‘मे’, ‘कॅन’, ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांपैकी कोणता शब्द केव्हा वापरावा?

प्रतिसाद १ (दादर)

मी अनेक वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे आणि ही अडचण विद्यार्थ्यांमध्ये वारंवार पाहिली आहे. तिचे मूळ आपल्या ‘-ऊ का’ या रूपात आहे. ‘पिशवी घेऊ का?’ यात मदत देऊ केलेली असते, ‘आत येऊ का?’ यात परवानगी मागितलेली असते आणि ‘ही नोकरी सोडू का?’ यात सल्ला विचारलेला असतो. मराठीत प्रसंगावरून अर्थ कळतो, म्हणून एकच रूप पुरते. इंग्रजीत मात्र या तिन्हींसाठी बहुधा वेगवेगळे शब्द योजले जातात. मदत देऊ करण्यासाठी ‘शॅल आय’, परवानगीसाठी ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’, आणि सल्ल्यासाठी ‘शुड आय’. आपल्या वाक्याचा त्या गृहस्थांना ‘मी आपली पिशवी उचलणे योग्य ठरेल का?’ असा काहीसा अर्थ लागला असावा.

पाटीवरील ‘मे आय हेल्प यू’ चुकीचे नाही. त्यात परवानगी मागण्याचा औपचारिक विनय आहे, म्हणून ते खिडकीवर शोभते. जिन्यावर ते दूरचे वाटते.

प्रतिसाद २ (मालाड)

मी कॉल सेंटरमध्ये काम करतो. ‘कॅन आय हेल्प यू?’ हे वाक्य नेहमीचे असले, तरी वाट चुकून भलत्या दारापाशी आलेल्या माणसाला ते कोरड्या आवाजात विचारले, तर ‘आपले इथे काय काम आहे?’ असा त्याचा अर्थ होतो. ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ मध्ये मदत मिळणार हे गृहीत धरलेले असते आणि ती कोणती हवी एवढेच विचारलेले असते, म्हणून खिडकीवर मला ते अधिक आपुलकीचे वाटते.

त्याचप्रमाणे ‘डू यू नीड एनी हेल्प?’ पेक्षा ‘वुड यू लाइक सम हेल्प?’ म्हणावे. ‘नीड’ मुळे समोरच्याला आपली असहायता कबूल करावी लागते, तर ‘सम’ मुळे होकाराची अपेक्षा सूचित होते. शिवाय ‘फॉर्ममध्ये मदत’ म्हणताना आपण ‘हेल्प यू इन द फॉर्म’ असे बोलून जातो; तेथे ‘विथ’ हवे.

प्रतिसाद ३ (गिरगाव)

माझ्या आईच्या आजारपणात ‘लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग’ हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकले. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु काय हवे ते ठरवण्याचे आणि मागण्याचे ओझे त्यामुळे माझ्यावरच राहिले. एका शेजारीणबाईंनी मात्र ‘मंगळवारी डबा आणू का?’ असे विचारले, आणि मला केवळ ‘हो’ म्हणायचे उरले. म्हणून इंग्रजीतही ‘शॅल आय कॉल अ टॅक्सी?’ असे नेमके विचारावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘शॅल आय’ आता जुनाट तर वाटणार नाही ना?

प्रतिसाद १ (दादर)

ब्रिटिश बोलण्यात ते आजही सहज येते. अमेरिकेत त्याचा वापर कमी आहे आणि तेथे ‘डू यू वॉन्ट मी टु’ अधिक ऐकू येते. समोरची व्यक्ती कुठली आहे हे ठाऊक नसेल, तर ‘वुड यू लाइक मी टु कॅरी युवर बॅग?’ हे दोन्हीकडे चालते. मात्र ‘मी घ्यावी असे आपल्याला वाटते का?’ या मराठी रचनेच्या ओघात ‘वुड यू लाइक दॅट आय शुड कॅरी’ असे म्हणू नये. ‘लाइक’ नंतर थेट ‘मी टु’ यावे.