विकत घेतलेल्या होडीचे ‘बारसे’ म्हणावे काय?

विचारणा (जुळे सोलापूर)

माझ्या धाकट्या भावाने मुंबईत शिडाची एक होडी विकत घेतली आहे. ती नवी कोरी नाही. आधीच्या मालकाकडे काही वर्षे पाण्यात होती आणि तिच्या अंगावर रंगवलेले जुने नाव भावाला नको आहे. नवे नाव ठेवण्याचा छोटासा समारंभ तो करणार असून पत्रिका छापून घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी मसुद्यात ‘नावेचे जलावतरण व बारसे’ असे लिहिले, तर आईने ‘होडीचं कसलं बारसं?’ म्हणून कागद परत केला. नेमका शब्द कोणता वापरावा?

उत्तर (साखर पेठ)

‘जलावतरण’ प्रथम काढून टाका. बांधून झालेले जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरते त्या क्षणाचा तो शब्द आहे. ‘विक्रांत’चे जलावतरण ऑगस्ट २०१३मध्ये झाले आणि नौदलात ती २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली; म्हणजे या दोन घटनांत नऊ वर्षांचे अंतर पडले, तरी जलावतरण पहिल्या घटनेलाच म्हणतात. आपल्या भावाची होडी तर केव्हाच पाण्यात उतरलेली आहे.

‘बारसे’ या शब्दात ‘बारा’ दडलेले आहे. जन्मापासून बाराव्या दिवशी पाळण्यात घालून नाव ठेवायचे, आणि कानात ते सांगायला आत्या हवी. इंग्रजीत जहाजाला नाव देण्याच्या विधीसाठी जो शब्द रूढ आहे त्याच्या मुळाशी बाप्तिस्मा आहे, आणि त्याच्या जागी आपण बारसे बसवतो तेव्हा एका धर्माचा विधी काढून दुसऱ्याचा ठेवतो इतकेच. बाळ नवजात असल्याची कल्पना दोन्हीकडे कायम राहते. नवी होडी असती तर लाडाने बारसे म्हणायला माझी हरकत नव्हती. परंतु ही होडी नाव घेऊन आलेली आहे. तिचे नाते बाळाशी नसून सुनेशी आहे, आणि अनेक घरांत लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत, ती रीत इथे अधिक जवळची वाटते. आपल्या आईंचा आक्षेप म्हणूनच मला पटतो.

नाव बदलण्याला ‘नामांतर’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे, पण महाराष्ट्रात त्याला एका मोठ्या चळवळीचा इतिहास चिकटलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीत १४ जानेवारी १९९४ रोजी जे झाले त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात, कारण तिथे जुने नाव राखून नवे जोडले गेले. होडीच्या पत्रिकेवर एवढे ओझे कशाला? ‘नामकरण’ लिहावे, किंवा त्याहून साधे ‘नाव ठेवण्याचा समारंभ’. फक्त अनेकवचन होऊ देऊ नका. होडीला नाव ठेवले तर पाहुणे पेढे खातील. होडीला नावे ठेवली तर भाऊ रागावेल.

पुन्हा विचारणा

‘नावेचे नाव’ असे लिहिले तर वाचणारा अडखळेल काय?

उत्तर (साखर पेठ)

अडखळणार नाही, कारण विभक्ती दोघांना वेगळे करते. पाण्यातली ती नाव स्त्रीलिंगी, म्हणून नावेला, नावेत, अनेकवचनी नावा. ओळखीचे ते नाव नपुंसकलिंगी, म्हणून नावाला, नावात, अनेकवचनी नावे. पहिल्याचे मूळ संस्कृत ‘नौ’ आणि दुसऱ्याचे ‘नामन्’. त्या ‘म’ची खूण म्हणून पूर्वी दुसरा शब्द ‘नांव’ असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोघांचे लेखन एक झाले.

तरीही मी ‘होडी’च लिहीन. चंद्रभागेत किंवा उजनीच्या पाण्यावर आपण होडीत बसतो. नाव आता बहुधा कवितेत आणि पैलतीराला लागण्यापुरती उरली आहे.

पुरवणी (अशोक चौक)

आमच्या घरी तेलुगू बोलतात. होडीला आम्ही ‘पडव’ म्हणतो आणि शेजारच्या कन्नड घरात ‘दोणी’. मराठीतही ‘पडाव’ आणि ‘डोणी’ हे शब्द होडीसाठी आहेत. पैकी दुसऱ्याची बहीण, म्हणजे गुरांना पाणी पाजायची डोण, तर इथल्या गावोगावी आहे. मूळ संस्कृत ‘द्रोणी’त पोकळ, लांबट भांड्याचा अर्थ आहे, त्यामुळे ज्यात पाणी राहते ती डोण आणि जी पाण्यात राहते ती डोणी, असा गमतीचा फरक पडला आहे. आपल्या भावाच्या होडीला मात्र शीड, डोलकाठी आणि सुकाणू आहे. तिला डोणी म्हटल्यास तिचा अपमान होईल. पत्रिकेत ‘शिडाची होडी’ असे पूर्ण लिहावे.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘आमच्या घरी आलेल्या शिडाच्या होडीचे नामकरण’ एवढी ओळ पत्रिकेवर ठरली. आईला सुनेची उपमा सांगितली, तेव्हा तिने ताट आणि तांदूळ मुंबईला बरोबर न्यायचे ठरवले आहे. अंगठी भावाने द्यावी, असा तिचा निरोप आहे.