कॅमेरा गेला, पडला, भिजला आणि विमा? (अनुभव धागा)

कोकमसार
काल माळा आवरताना निकॉन डी90 चं खोकं सापडलं. आत थर्माकोल, वॉरंटी कार्ड, सीडी, सगळं जागच्या जागी. कॅमेरा तेवढा नाही. तो गेला 2012 च्या डिसेंबरात. बायको म्हणाली, "टाकू का हे?" माझ्या तोंडून एकदम "नको" निघालं, आणि मग तो सगळा प्रकार आठवला.

भिगवणला फ्लेमिंगो बघून परत येत होतो. हायवेवर मिसळ खायला थांबलो, बॅग मागच्या सीटवर. वीस मिनिटांत आलो तर बॅग नाही. विमा होता, म्हणून मी निवांत! चौकीतल्या हवालदारसाहेबांनी लिहून घेतलं, "काळ्या रंगाची बॅग, त्यात जुना वापरता कॅमेरा, किंमत अंदाजे 5000." मी म्हटलं, अहो, नुसती लेन्सच त्याच्या कितीतरी पट आहे. ते म्हणाले, "बिल आहे का आत्ता जवळ?" नव्हतं.

पुढे विमा कंपनीचा सर्व्हेयर आला.
"काच फुटली होती का?"
"नाही."
"कुलपावर ओरखडा?"
"नाही."
"मग चोर आत शिरला कसा?"
म्हटलं, तो सापडला की तुम्हीच विचारा.

क्लेम नामंजूर. गाडी पूर्ण बंद असली पाहिजे आणि बळजबरीनं उघडल्याची खूण पाहिजे, असं पॉलिसीत तिसऱ्या पानावर होतं म्हणे. आमच्या मागच्या दाराचं लॉक कधी लागायचं, कधी नाही. खरं सांगतो, परतीच्या वाटेवर क्षणभर मनात आलं होतं की एक दगड घ्यावा आणि आपणच काच... असो. नाही केलं.

तुमचे अनुभव लिहा. गेलेलं, पडलेलं, भिजलेलं, काहीही.

अर्धा_कप
भिगवणला जाऊन मिसळ???? चिलापी मासा सोडून? तुमचा कॅमेरा जायलाच पाहिजे होता 😂

कोकमसार
मार्गशीर्षातला गुरुवार होता हो 😔

खडूस_काका
घरफोडीचा विमा आणि 'ऑल रिस्क' (चोरी, पडणं, हरवणं असं अचानक होणारं नुकसान धरणारा) यात लोक नेहमी गल्लत करतात. घरफोडीचा म्हणजे कुलूप तोडलं, खिडकी उचकटली तर. मोलकरणीनं नेला, पाहुण्यानं नेला, लोकलमध्ये राहिला, हातातून पडला, यातलं काही त्यात येत नाही. कॅमेरा घराबाहेर फिरणार, त्याला ऑल रिस्कच पाहिजे. आणि त्यातसुद्धा गाडीत सोडलेल्या सामानाचं कलम बघायचंच. कोकमसार, तुम्ही तिसरं पान वाचलं नाहीत यात कंपनीचा काय दोष?

कोकमसार
काका, तुम्ही वाचता का?

खडूस_काका
निवृत्त झाल्यापासून वाचतो.

शटर_सांगलीकर
आमचा धंदाच लग्नाचा. हळदीला नवरदेवाच्या मित्रांनी बादली ओतली ती थेट माझ्या अंगावर. 70-200 ची लेन्स लावलेली होती. हळदीचं पाणी लेन्सच्या आत गेलं की कसं दिसतं माहितीये का, चहात साय आल्यासारखं. घराच्या पॉलिसीत कॅमेरा दाखवला होता. पहिला प्रश्न, "यातून कमाई करता का?" मी भाबडेपणानं सांगितलं हो, पंधरा वर्षं झाली. विषय संपला. घरगुती विम्यात धंद्याचं सामान बसत नाही.

आता धंद्याच्या नावानं वेगळा काढलाय. प्रत्येक बॉडी, लेन्स, फ्लॅश सिरीयल नंबरासकट यादीत. नवीन काही घेतलं की त्याच दिवशी यादीत घालून घ्यायचं. एक चूक परत केली, हप्ता वाचवायला 6 लाखांचं सामान 3 लाखांचंच दाखवलं. फ्लॅश-ट्रिगर मिळून 40 हजारांचं नुकसान झालं तेव्हा हिशोब कळला. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईपण निम्मी. 20 हजार. त्यातून घसारा, त्यातून सुरुवातीची ठरलेली रक्कम आपली. हातात आलं त्यात पोरांना आईस्क्रीम दिलं.

मोरपंखी
मित्रांनी भरून नाही दिलं?

शटर_सांगलीकर
ताई, त्यांनी अजून अल्बमचे उरलेले पैसे दिले नाहीत

ढगफुटी
ड्रोनवाल्यांसाठी: 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर विमा सक्तीचा आहे, 2021 चे नियम. पण तो तिसऱ्या पक्षाचा. म्हणजे ड्रोन वऱ्हाड्याच्या डोक्यात पडला तर डोक्याचे पैसे मिळतात, ड्रोनचे नाही. माझा झुंबरात अडकला होता तेव्हा हे समजलं.

पाटगाव_डायरी
बुरशी लागलेल्या लेन्सला मिळतं का काही? दोन पावसाळे कपाटात होती, आत जाळं धरलंय

खडूस_काका
नाही. हळूहळू होणारी खराबी, झीज, गंज, बुरशी, किडे सगळं वगळलेलं असतं. अचानक झालं पाहिजे.

मोरपंखी
आमच्याकडे हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतात. डबा मूळचा पापडांचा आहे त्यामुळे कॅमेऱ्याला हिंगाचा वास येतो 🙈 आणि तांदळात ठेवू नका कोणी, पीठ आत जातं.

वाशिष्ठीकाठ
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमचा चिपळूणला बाजारपेठेत स्टुडिओ होता. 22 जुलै 2021. जास्त लिहीत नाही, चिपळूणची माणसं इथे असतील त्यांना माहीत आहे. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर छत्री-लाइट उलटे होऊन छताच्या पंख्याला लटकलेले, म्हणजे पाणी पंख्यापर्यंत होतं. कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन चिखलानं उघडेना.

दुकानाच्या पॉलिसीत पूर होता. शेजारच्या दुकानदारानं हप्ता कमी व्हावा म्हणून ते कलम काढून घेतलं होतं, त्याला काही मिळालं नाही. आमची बिलं कपाटात होती, त्यांचा लगदा झाला. पण दर वर्षी ह्यांनी हिशोबनीसाला बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलेले, ते उपयोगी पडले. सर्व्हेयर येईपर्यंत एकही वस्तू फेकली नाही, चिखलासकट रांगेत मांडून ठेवली. दिराचं म्हणणं होतं धुऊन घेऊ. बरं झालं धुतलं नाही. पैसे आले, वेळ लागला पण आले.

हार्ड डिस्क सात होत्या. अकरा वर्षांची लग्नं. डिस्कचे पैसे मिळाले, प्रत्येकी काही हजार. अजून कोणी ना कोणी येतं विचारायला, आमच्या लग्नाचे फोटो आहेत का तुमच्याकडे, आमचे घरचे वाहून गेले.

अर्धा_कप
🙏

मोरपंखी
ताई, काय बोलू.

एडिसनचा_बंड्या
न्यू जर्सीहून. इथे भाड्याच्या घराच्या विम्याला कॅमेरा वेगळा लिहून जोडता येतो, माझ्यात पडणं-हरवणंही होतं. बाबा आले होते तेव्हा नायगाराला नेलं (नेतातच). बाबा म्हणाले दे मी काढतो, पट्टा गळ्यात घालायला विसरले. कठड्यावरून गेला. बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. पैसे पूर्ण मिळाले, त्यांना पटेचना, "पोलीस नाही, पंचनामा नाही, असे कसे देतात?" पण इथेही कमाई केली की गेलं. मी हल्ली डोहाळजेवणं-बारशी पैसे घेऊन करतो, त्यामुळे वेगळा घ्यावा लागला.

लोकपालवाली
कोकमसार, तुम्ही तेव्हा विमा लोकपालाकडे का नाही गेलात? आधी कंपनीला लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्या भावाची बॅग रेल्वेत गेली, कळवायला उशीर झाला म्हणून नाकारलेलं. पण नुसत्या उशिरावरून खरा क्लेम नाकारू नका असं इर्डाचं (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) 2011 चं परिपत्रक होतं, ते जोडलं. मिळाले. पोलिसांचा 'तपास लागला नाही' असा दाखला मात्र चार हेलपाटे घालून आणला.

कोकमसार
लोकपालवाली, वर्ष काय, दशक उलटलं. तेव्हा राग इतका होता की कागद बघायचीच इच्छा नव्हती. आत्ता खोकं उलटं करून बघितलं, सिरीयल नंबराचं स्टिकर खालीच आहे. चौकीत हा द्यायचा होता, सुचलंच नाही. मी नंबर वहीत उतरवून घेतला. का ते विचारू नका. खोक्यात बायकोनं एव्हाना पणत्या भरल्यात.

अर्धा_कप
यंदा भिगवणला बुधवारी जाऊ. कॅमेरा मांडीवर, ताट समोर.