नर्सिंगचा प्रवेश पुन्हा पुन्हा हुकला, त्यांनी लिहा

निशिगंध

काल संध्याकाळी भाचीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसतं "मावशी, परत नाही." मग बराच वेळ दोघीही गप्प. तिचं हे तिसरं वर्ष.

मी तिला काहीतरी बोलले, काय ते आता आठवतही नाही. फोन ठेवला आणि कपाटातून जुनी निळी फाईल काढली. तिच्यात माझी चार पत्रं आहेत, चारही नकाराची. चारही 'आपल्या अर्जाबद्दल आभार' अशीच सुरू होतात. चौथ्या वेळी तेवढी ओळ वाचली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं, पुढचं वाचलंच नाही.

तिसऱ्या पत्राच्या मागे पेन्सिलीनं गणित केलंय. त्या वर्षी मुलाखतीत विचारलं होतं, १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, नळीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला किती थेंब? मला येत होतं. पण समोर चार जण बसलेले, तोंडातून शब्द फुटला नाही. पत्र आलं त्या दिवशी त्याच कागदाच्या मागे सोडवलं. तासाला १२५ मिली, गुणिले २०, भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ४२ च्या आसपास. बरोबर आलं तेव्हा जास्तच रडू आलं.

पाचव्या वर्षी घेतलं. आता वॉर्डात चौदावं वर्ष चालू आहे.

तुमच्यापैकी कुणाकुणाला नकार आलेत? किती वेळा? आणि पुढच्या अर्जापर्यंतचं ते मधलं वर्ष कसं काढलंत? भाचीला वाचायला देणार आहे. खोटा धीर नको, जसं झालं तसं लिहा.

पायवाट

५ वेळा. नंतर लिहिते, बाळ उठलं

तिसरी_पाळी

दोनदा. दुसऱ्यांदा तीन दिवस अंथरुणातून उठले नव्हते, आई दाराशी येऊन उभी राहायची आणि परत जायची.

मग रुग्णालयात मदतनीस म्हणून लागले. चादरी बदलणं, अंग पुसणं, कूस बदलून देणं, भांडी उचलणं. नातेवाईक म्हणायचे की हेच करायचं होतं तर एवढा अभ्यास कशाला केला. पण मी तिथे जे शिकले ते पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं. एक आजी होत्या, पूर्ण झोपून. दर दोन तासांनी कूस बदलायची असं सिस्टरनी सांगितलेलं. एका पहाटे मोजे काढून पाय पुसताना टाचेवर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. मी बोटानं दाबून बघितला आणि तशीच सिस्टरकडे पळाले. त्यांनी येऊन बघितलं, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली आणि मला म्हणाल्या, हे आज दिसलं म्हणून बरं, परवा दिसलं असतं तर जखम असती.

तिसऱ्या मुलाखतीत विचारलं, नर्सिंगच का? आधीच्या दोन वेळा मी म्हणाले होते की मला लोकांची सेवा करायची आवड आहे. सगळेच म्हणतात. या वेळी मी ती टाच सांगितली. टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पुढे काय झालं त्या आजींचं?

निवड झाली. भाचीला सांगा मदतनीस म्हणून लाग. पगार कमी आणि कंबर दुखते हेही सांगा.

उंबरठा

ताई कंबरेचं अगदी खरं. पलंग आधी आपल्या कमरेच्या उंचीला आणायचा, मग वाकायचं. मला हे कुणी सांगितलंच नाही पहिली दोन वर्षं.

तिसरी_पाळी

आमच्याकडे निम्मे पलंग वरखाली होतच नाहीत 😔

मधली_सुट्टी

चौथा नकार याच महिन्यात आला. वाचतेय सगळं. लिहायला जमत नाहीये अजून.

निशिगंध

मधली_सुट्टी, लिहू नकोस. नुसतं वाच. आम्ही आहोत.

चाफा

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, नऊ वर्षं झाली. म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण नाव यादीत नाही म्हणजे 'तू या कामाची नाहीस' असं मुली धरून बसतात आणि ते मला बघवत नाही.

वर्गात मी शंभर जणांना शिकवू शकते. वॉर्डात नाही. वॉर्डात माझ्याबरोबर आठ, फार तर दहा विद्यार्थी. त्यातला एकजण पहिल्यांदा इंजेक्शन देत असतो तेव्हा मला त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं, बाकीचे तोवर थांबतात. पलीकडे पेशंट असतो, तो सरावाचा पुतळा नाही. म्हणजे जागा ठरतात त्या बाकांवरून नाही, शिकवणारे किती आणि शिकायला वॉर्ड किती यावरून. यादीत रेघ कुठेतरी मारावीच लागते. रेघेच्या खालचे पहिले वीस आणि वरचे शेवटचे वीस यांत कित्येकदा मला फरक सांगता येणार नाही. अर्ध्या मार्काचा असतो तो. रेघ मारल्यावर त्या रात्री मला झोप लागत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण सगळेच अर्ध्या मार्कानं जात नाहीत, तेही खरं. तीन वर्षं तोच अर्ज, तेच निवेदन, फक्त तारीख बदललेली, असे अर्ज येतात. आम्ही ओळखतो. कुठे कमी पडलो हे विचारा. सगळीकडून उत्तर येत नाही, पण विचारणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, वाईट अर्थानं नाही.

वादळवारा

मला राग येतो हो हे वाचून. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अहवालात आहे, २०२३ साली जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. ५८ लाख! आणि इथे पोरी तीन-तीन चार-चार वर्षं दारात उभ्या. कुणाला लाज वाटते का?

चाफा

राग बरोबर आहे. नर्सेस कमी म्हणून शिकवायला नर्सेस कमी, आणि शिकवायला कमी म्हणून नव्या नर्सेस कमी. वॉर्ड सोडून शिकवायला आलं की बहुतेकींचा पगार उतरतो, मग येईल कोण. माझ्या वेळेला आम्ही सहाजणी शिकवायला आलो होतो, आज मी आणि अजून एक एवढ्याच उरलो.

वादळवारा

तुमच्यावर नव्हता राग चाफाताई.

चाफा

माहीत आहे गं.

दीपमाळ

मला जुन्या गोष्टी वाचायचा नाद आहे, म्हणून एक सांगते. मेरी एलायझा महोनी. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्स. १८७८ साली बोस्टनच्या ज्या रुग्णालयात तिला नर्सिंगला घेतलं, त्याच रुग्णालयात त्याआधी सुमारे पंधरा वर्षं ती स्वयंपाक, साफसफाई, धुणं अशी कामं करत होती. प्रवेश मिळाला तेव्हा वय ३३. सोळा महिन्यांचं शिक्षण, वर्गात एकूण ४२ जणी. १८७९ साली पूर्ण करून बाहेर पडल्या चारच, त्यात ही. ती पंधरा वर्षं वॉर्डातून बादली घेऊन जाताना तिनं काय काय बघून ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि मेरी सीकोल, मूळची जमैकाची. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात नर्स म्हणून जाऊ द्या म्हणून लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. नाही म्हणाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या तुकडीत जागा आहे का विचारलं, तिथेही नाही. मग स्वतःच्या खर्चानं गेली आणि १८५५ मध्ये बालाक्लाव्हाजवळ स्वतःचं ठिकाण उभारलं. तिथे आजारी, जखमी सैनिकांना बघायची.

उंबरठा

सीकोलचं माहीत नव्हतं. शाळेत फक्त दिवेवाली बाई, म्हणजे नाइटिंगेल, शिकवली आम्हाला.

एकतारा

दिवेवाल्या बाईंनाही नकार होताच की, घरातून. १८४५ मध्ये रुग्णालयात शिकायला जाते म्हणाल्या तर आईवडिलांनी जाऊ दिलं नाही. जर्मनीत कायझर्सवेर्थला रीतसर शिकायला मिळालं ते १८५१ मध्ये. मधे सहा वर्षं गेली.

मला हे तोंडपाठ आहे कारण मी मुलगा आहे आणि माझ्या घरात पण तेच झालं. कॉलेजनं एकदाच नाकारलं, वडिलांनी चार वर्षं. "पुरुषाचं काम आहे का ते." ते आजारी पडले तेव्हा त्यांना मूत्रनळी घालावी लागली, आणि आत येणारी नर्स बाई आहे म्हटल्यावर ते इतके अवघडले की तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. त्यानं पडदा ओढला, आधी सगळं समजावून सांगितलं, वेळ घेतला. काम झाल्यावर वडील त्याला म्हणाले, माझा मुलगाही हेच म्हणत होता करतो म्हणून. मी पडद्याच्या बाहेर उभा होतो, ऐकलं. घरी येऊन अर्ज भरला. त्यावर त्यांनी सही केली पण बोलले काहीच नाहीत.

निशिगंध

एकतारा, हे दोनदा वाचलं रे.

सांजवेळ

माझं वेगळं आहे, लिहू का? मी चार वर्षांनी थांबले. प्रयोगशाळेचा कोर्स केला, आता रक्ताचे नमुने तपासते. काम आवडतं. नर्स झाले असते तर जास्त सुखी असते असं मला वाटत नाही. पण पहिल्या वर्षी, शिफ्ट बदलताना सिस्टर एकमेकींना पेशंटची माहिती देत उभ्या असायच्या त्या जिन्यावरून मी जायचे नाही, लांबून वळसा घालायचे. आता जाते. थांबणं म्हणजे हरणं असं भाचीला कुणी सांगू नका एवढंच. कुठे थांबायचं ते तिचं तिनं ठरवू दे.

तिसरी_पाळी

सांजवेळ, तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवरच तर आमची सगळी रात्र चालते. पोटॅशियम जास्त आलंय म्हणून रात्री दोनला फोन करून सांगणारी तुमच्यातलीच कुणीतरी असते.

सांजवेळ

असा फोन मीही केलाय 🙂 पलीकडून "थँक्यू" आलं की बरं वाटतं

वाऱ्यावरची

बाकी नाईटला लागल्यावर दिवसा झोप कशी लागते तुम्हा लोकांना? मला सलग दोन तासांच्या वर नाही लागत. जाड पडदे लावले, फोन बंद ठेवला. काही सांगा कुणीतरी. (विषय सोडून आहे, माफ करा)

उंबरठा

घरी जाताना गॉगल लाव, उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते. शेवटच्या चार तासांत चहा-कॉफी नको. आणि घरच्यांना सांग की सकाळची अकरा म्हणजे तुझी मध्यरात्र. बेल वाजवायची नाही.

वाऱ्यावरची

बेलचं सांगून दमले. चिठ्ठी लावते आता दारावर.

पायवाट

आले. झोपला आत्ता. एका हातानं लिहितेय, चुका समजून घ्या.

५ वेळा नाही म्हणाले. पहिली दोन वर्षं मी कुणाला सांगितलंच नाही की अर्ज केलाय, म्हणजे नकारही सांगावा लागला नाही. तिसऱ्या वर्षी सगळ्यांना सांगितलं आणि मग प्रत्येक समारंभात "काय झालं तुझं?" मैत्रिणीची निवड झाली त्या वर्षी. तिला फोनवर खूप अभिनंदन म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि फोन ठेवून न्हाणीघरात नळ सोडून बसले. दोन्ही खरं होतं. तिला हे मी पुढे काही वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली मला नळाचा आवाज येत होता, तू फोन नीट ठेवलाच नव्हतास.

चौथ्या नकारानंतर धीर करून लिहून विचारलं की कशात कमी पडले. दोन ओळींचं उत्तर आलं. सूक्ष्मजीवशास्त्रात मार्क कमी. एवढंच. आणि मी दोन वर्षं मुलाखतीची तयारी करत बसले होते, आरशासमोर! तो एक विषय परत दिला. पाचव्या वर्षी विषय सुटला पण प्रतीक्षा यादीत सहावी राहिले, पाचव्या नंबरपर्यंत घेतलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त लागलं मनाला. अगदी दारात जाऊन.

सहाव्या वर्षी घेतलं. लग्न झालेलं, वय २७. वर्गात सगळ्या १८ च्या. आता तिसऱ्या वर्षाला आहे, बाळ आठ महिन्यांचं, पुढच्या महिन्यात परत क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं शिकणं, सुरू. अजून नर्स झालेले नाही म्हणून इथे लिहू की नको असं वाटत होतं.

भाचीला माझ्याकडून एवढंच, आधी विचार. आरशासमोर बसण्याआधी विचार.

मधली_सुट्टी

पायवाटताई, ते विचारणारं पत्र कसं लिहिलंत? म्हणजे काय शब्दात? भांडतेय असं वाटू नये.

पायवाट

चार ओळीच. अर्ज क्रमांक लिहिला. निर्णय मान्य आहे असं लिहिलं. पुढच्या वर्षी परत अर्ज करणार आहे, तरी गुण, निवेदन, मुलाखत यांपैकी कुठे सुधारणा हवी ते कळवावं अशी विनंती. शेवटी आभार. निकालानंतर दोन आठवडे थांबून पाठव, लगेच पाठवलं तर राग डोकावतो शब्दांतून.

चाफा

'निर्णय मान्य आहे' ही ओळ पहिल्यांदा घाल. त्यानं वाचणारी निवांत होते. मी होते.

मधली_सुट्टी

लिहून ठेवलं. अजून दहा दिवस आहेत दोन आठवड्यांना.

निशिगंध

भाचीला सगळं वाचून दाखवलं, मी वाचत होते आणि ती नखं कुरतडत होती. सांजवेळचं परत वाच म्हणाली. एकताराचं ऐकून उठून पाणी पिऊन आली. पुढच्या वर्षी अर्ज करणार की नाही ते बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मग झोपायला जाताना दारातून वळून एकच विचारलं, तिसरी_पाळीताईंनी टाच दाबून का बघितली?

मला उत्तर माहीत आहे, पण ज्यांची टाच त्यांनीच सांगावं असं वाटलं.

तिसरी_पाळी

अगं सांगते. ड्यूटीवर निघालेय, थोडक्यात.

लाल दिसलं की बोटानं हलकं दाबायचं आणि सोडायचं. दाबल्यावर फिकं पडून परत लाल झालं तर खाली रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिलं तर कातडी शाबूत असली तरी आत इजा सुरू झालीये, त्या जागेवरचा भार लगेच काढायचा आणि सिस्टरला सांगायचं. चोळायचं मात्र नाही, कितीही वाटलं तरी. आणि सावळ्या कातडीवर रंग धड कळत नाही, तिथे डोळ्यांवर विसंबायचं नाही. हातानं बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय की गार, कडक लागतंय की पिळपिळीत. दुसऱ्या पायाची टाच शेजारी असतेच ताडून बघायला.

आजींची दाबून लालच राहिली होती.

पायवाट

दुसऱ्या टाचेशी ताडून बघायचं मीही लिहून घेतलं.