खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा?

माळरान:
आमच्या मावळत्या सरपंचताई पहिल्या वर्षी नवरा बोट ठेवेल तिथे सही करायच्या. तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याचं बिल ग्रामसेवकाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय पेन उघडत नव्हत्या. यंदा सोडतीत पद खुलं निघालं आणि पॅनेलवाले म्हणाले, "ताई, तुमचं झालं, आता पुरुषांची जागा आहे." हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते. शिकून तयार झालेल्या बाईला आपण घरी पाठवतो, याचा मला संताप येतो.

नांगर:
ताईंबद्दल आदर आहे, पण अशा किती? आमच्याकडे महिला राखीव पडलं की पुढाऱ्याची सून नाहीतर बायको. बैठकीला येतो सरपंचपती. राज्यात 2011 पासून 50 टक्के आरक्षण आहे, त्याने घराणीच मजबूत झाली. आधी बायकांची तयारी करून घ्या, मग जागा द्या.

ओवी:
नांगर, तयारीची अट पुरुषाला कधी घातली होती? तो पारावर बसून, पुढाऱ्यामागे हिंडून शिकतो. बाईला पारावर कोण बसू देतं? ती खुर्चीत बसल्यावरच शिकणार. आणि घराणेशाही म्हणाल तर पुढाऱ्याचा मुलगा उभा राहतो तेव्हा त्याला कोणी वडिलांचा बाहुला म्हणत नाही.

खुर्ची मिळाली तरी ती टिकवावी लागते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाईंना सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून अपात्र ठरवलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद परत दिलं. गावच्या पदासाठी दिल्लीपर्यंत! आरक्षण नसेल तिथे पक्ष किती बायका पुढे आणतात तेही बघा: 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74.

नांगर:
मुलाचा मुद्दा मान्य. मग आरक्षण सलग दोन टर्म ठेवा, तमिळनाडूत तसं आहे. शिकलेली बाई टिकेल.

ओवी:
टिकेल, पण शेजारच्या गावातली दलित बाई आपली पाळी यायची दहा वर्षं वाट बघेल. मला ते पटत नाही. त्यापेक्षा पॅनेलने खुल्या जागेवर बाईला तिकीट द्यावं, त्याला कुठलाच कायदा आडवा येत नाही.

माळरान:
ताईंना काल हेच सांगितलं. पॅनेल नसलं तरी अर्ज भरणार म्हणाल्या. सूचक म्हणून सही मी करतोय.