मदत हवी आहे: बातमीवरचा विनोद कुठे थांबवावा?

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवासाठी मी दरवर्षी चालू घडामोडींवर एक प्रहसन लिहितो. वगनाट्यातल्या बतावणीने सत्ताधाऱ्यांची भर रंगमंचावर टर उडवावी, ही परंपरा मला मनापासून प्रिय आहे.

यंदाच्या संहितेत तुंबलेल्या मुंबईचा प्रवेश असून त्यात नालेसफाईचे दावे करणारा अधिकारी होडीतून पाहणीला येतो. तालमीत सगळे हसले, परंतु शेजारच्या काकू मुकाट्याने उठून गेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या पुरात त्यांचा भाऊ गेला होता, हे मला नंतर कळले.

विनोदाचा रोख अधिकाऱ्याच्या बेफिकिरीवर असेल तर तो रास्त आणि बुडालेल्या माणसांवर असेल तर हीन, असे मी आजवर मानत आलो. पण ज्यांच्या घरातले माणूस त्या पाण्यात गेले, त्यांना होडी दिसताच हा भेद करता येईल, अशी अपेक्षा धरणे मला आता निष्ठुरपणाचे वाटते. काकूंशी आधी बोलावे, तर त्यांच्यावर संमतीचे ओझे पडेल, हीही भीती आहे.

आपल्यापैकी ज्यांनी असे लेखन केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: केवळ होडी काढून अधिकाऱ्याचे संवाद ठेवावेत, की संपूर्ण प्रवेशच वगळावा?